धोंडा बांधलेलं पडवळ

आमच्या घरात पडवळ कुणालाच आवडत नाही. म्हणजे आईला आवडतं. पण आईला कडुलिंबाची चटणीही आवडते, तेव्हा तिचं मत धरायचं कारण नाही. ही गोष्ट आधीच सांगून ठेवतो. नंतर कुणी म्हणायला नको की लेखकानं लपवून ठेवलं.

साताऱ्यात घर बांधलं तेव्हा मागच्या बाजूला पंधरा फूट बाय दहा फूट जागा उरली. नकाशावर तिथं हिरवा रंग भरून ‘किचन गार्डन’ असं लिहिलेलं होतं. तो हिरवा रंग पाहून आम्ही नवरा-बायको इतके खूश झालो की न्हाणीघर दोन फुटांनी लहान झालेलं आमच्या लक्षातच आलं नाही. पुढची पाच वर्षं त्या किचन गार्डनमध्ये उरलेल्या फरशा, एक मोडकी सायकल आणि ‘लागेल कधीतरी’ म्हणून ठेवलेला संडासाचा जुना दरवाजा एवढं पीक उभं होतं.

मग गुहागरचं घर बंद करून आई कायमची आमच्याकडं राहायला आली. चौथ्या दिवशी अक्षय्य तृतीया होती. चहाचा कप हातात घेऊन ती मागच्या दारात उभी राहिली, सायकलीकडं बघितलं, दरवाजाकडं बघितलं, आणि म्हणाली, “अरे, आज आळी घालायचा दिवस. एवढी जागा अशी ओस ठेवतात?”

“आजी, अळी कशाला घालायची?” माझी आठवीतली मुलगी म्हणाली. “ती आपोआप येते की!”

सगळे हसलो. आईनं तिला समजावलं की आळं म्हणजे वेलाचं बी लावायला केलेला खड्डा, आणि असली आळी आजच्या दिवशी घातली की वेल भरभरून धरतो. ऑगस्टमध्ये वांग्याचे शेंडे एकेक करून माना टाकायला लागले तेव्हा कळलं, की त्या दिवशी आमच्या घरात शेतीचं खरं ज्ञान असलेली ती पोरगी एकटीच होती.

खणायचं काम माझ्याकडं आलं. ते कसं आलं हे मला आजही कळलेलं नाही. बायकोनं हिशेबाची वही घेतली, मुलीनं मोबाइलवर व्हिडिओ शोधायचं काम घेतलं, आई खुर्ची टाकून बसली, आणि उरलेली वस्तू म्हणून कुदळ माझ्या हातात आली. खाली माती नव्हतीच, मुरूम होता. पहिला घाव घातला तो ठण्णकन आवाज करून थेट माझ्या दातांत गेला. दोन दिवसांत त्या जमिनीनं मला अठरा विटांचे तुकडे, गवंड्याची एक थापी, डाव्या पायाची एक चप्पल आणि तळहाताला पाच फोड दिले. आई खुर्चीतून सांगत होती, “कोपरभर तरी खोल जाऊ दे रे.” कोपर माझं धरायचं की तिचं, यावर मी थोडा वेळ वाद घातला. तेवढीच विश्रांती.

काय लावायचं यावर घरात एकमत होणं शक्यच नव्हतं. बायकोला टोमॅटो आणि कोथिंबीर हवी होती, कारण तिच्या मते बाजारात तिला रोज लुटतात ते याच दोन बाबतीत. मुलीला स्ट्रॉबेरी. “महाबळेश्वर आपल्याच जिल्ह्यात आहे ना?” हा तिचा युक्तिवाद. मला भेंडी. कृषी सेवा केंद्रात गेलो तर काउंटरवरच्या माणसानं विचारलं, “किती एकर?” मी म्हटलं, “दीडशे फूट.” त्यानं माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं की पुढच्या गिऱ्हाइकाला वाट करून देण्यासाठी मी आपण होऊन बाजूला सरकलो. तरी त्यानं दोन-तीन जातींची पाकिटं समोर टाकली. त्यातली ‘परभणी क्रांती’ मी केवळ नावावर भाळून घेतली. परभणीच्या कृषी विद्यापीठातली ही जात हळद्या रोगाला दाद देत नाही, असं तो म्हणाला. खरंच दिली नाही. माझ्या भेंडीला हळद्या अजिबात झाला नाही. तिला मावा झाला.

खताचं एक प्रकरण सांगायलाच हवं. आपल्याच महाराष्ट्रातल्या, अमरावतीकडच्या बेलोऱ्याच्या सुभाष पाळेकरांची नैसर्गिक शेती मुलीनं व्हिडिओवर पाहिली. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली, हे सांगून तिनं आम्हाला गप्पही केलं. जीवामृत म्हणजे त्या शेतीतलं घरी आंबवायचं पातळ खत. त्याचं मूळ माप असं : २०० लिटर पाणी, १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि मूठभर माती. आम्ही सगळ्याला दहानं भागलं. तरी दोनशे ग्रॅम बेसन आणि तेवढाच गूळ लागणार होता, आणि तो बायकोच्या डब्यातूनच यायचा होता. “अहो, झाडांना पिठलं घालताय का?” तिनं विचारलं. बादलीवर गोणपाट झाकून ती सावलीत ठेवली आणि दिवसातून दोनदा काठीनं ढवळत राहिलो. दुसऱ्या संध्याकाळी शेजारचे काका कुंपणापाशी येऊन अतिशय सभ्यपणे म्हणाले, “तुमच्याकडं काही गेलंय का हो?” त्यांच्या चेहऱ्यावरून त्यांना उंदीर म्हणायचं होतं की माणूस, ते कळलं नाही.

टोमॅटोचं थोडक्यात सांगतो, कारण त्या आठवणीनं बायकोच्या डोळ्यांत अजून पाणी येतं. पहिला टोमॅटो धरला. हिरव्याचा पिवळट, पिवळटाचा केशरी झाला. घरातलं प्रत्येक जण सकाळी उठून आधी त्याचं दर्शन घेत होतं. “उद्या काढू, लाल होऊ दे,” असं शनिवारी रात्री ठरलं. रविवारी पहाटे बुलबुल आला. त्याचंही उद्या असंच ठरलेलं असावं. त्यानं टोमॅटो खाल्ला नाही. एक चोच मारली, मान तिरकी करून चव घेतली, आणि शेजारचा दुसरा बघायला गेला. बाजारात भाजी चाचपून पाहणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत, पण त्या निदान भाव तरी विचारतात. कोथिंबीर उगवलीच नाही. “धणे रगडून दोन डाळी करून पेरायचे असतात,” असं आईनं पेरून झाल्यावर पंधरा दिवसांनी सांगितलं. स्ट्रॉबेरीच्या रोपाबद्दल मुलगी अजून बोलत नाही.

आणि पडवळ!

त्याचं बी आईनं गुहागरहून जुन्या लुगड्याच्या तुकड्यात, राखेत घोळून, गाठ मारून आणलं होतं. चार बिया कोपऱ्यात लावल्या. ना पाकीट, ना जात, ना व्हिडिओ. चारही उगवल्या. जूनमध्ये पाऊस लागला आणि त्या वेलांनी जी धाव घेतली ती थेट मोडक्या सायकलीवर. तिथून दरवाजावर. मग बांबू, सुतळी आणि तार आणून मी मांडव घातला. बायकोच्या वहीत तोवर ६,८०० रुपये खर्च आणि जमेला एक चोच मारलेला टोमॅटो होता. “चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला,” असं तिनं वहीच्या समासात लिहून ठेवलंय. मी पाहिलं.

पण एक रात्र सांगतो. लाइट गेले होते, उकडत होतं, म्हणून आम्ही दोघं मागच्या पायरीवर येऊन बसलो. बॅटरीचा झोत सहज मांडवावर गेला आणि दोघंही गप्प झालो. पडवळाची फुलं उमलली होती. दिवसा हिरव्या कळ्यांसारखं काहीतरी दिसायचं, तिकडं कुणी ढुंकून पाहत नव्हतं. रात्री त्याची पांढरीशुभ्र पाच पाकळ्यांची फुलं झाली होती, आणि प्रत्येक पाकळीच्या कडेला केसासारख्या बारीक धाग्यांची झालर. वाराही नव्हता, तरी झालर हलत होती. “माझ्या रुखवतात क्रोशाचा रुमाल होता, तसंय अगदी,” बायको म्हणाली. तो रुमाल कुठं आहे, हे विचारायची मला छाती झाली नाही. लग्नानंतर पहिल्या आठवड्यात मी त्यानं स्कूटर पुसली होती.

फुलांमागून फळं आली. पडवळ वळतं, सापासारखं वेटोळं घेतं, म्हणून त्याच्या शेंड्याला धोंडा बांधायचा. हे काम मुलीनं आवडीनं घेतलं. गोटे निवडायची, धुवायची, सुतळीत आवळायची. आठवड्याभरात मांडवाखाली पंचवीस-तीस धोंडे लोंबायला लागले. श्रावणातल्या एका वादळी रात्री त्यातले चार-पाच शेजारच्या काकांच्या शेडच्या पत्र्यावर आपटू लागले. टक् टक्, थांबून टक्. काका काठी घेऊन बाहेर आले. आम्ही बॅटरी घेऊन बाहेर गेलो. त्यांना चोर सापडला नाही. आम्ही त्यांना दोन पडवळं दिली, आणि तिथून आमच्या खऱ्या हालांना सुरुवात झाली.

कारण पडवळ संपेना. कढीत घातलं, डाळिंब्यांत घातलं, भरून केलं, भजी तळली, बियांची चटणी केली. मुलीच्या डब्यातून ते जसंच्या तसं परत यायचं. कॉलनीत वाटायला निघालो तर चौथ्या घरापासून लोक दार अर्धंच उघडू लागले. “आमच्याकडं खात नाहीत हो कुणी,” हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की ते आमच्याच घराचं बोधवाक्य आहे, हे विसरून चिडायला लागलो. एकदा चार फुटांचं एक पडवळ वर्तमानपत्रात गुंडाळून बँकेत घेऊन गेलो, सहकाऱ्याच्या गळ्यात मारायला. दारातल्या गार्डनं ते लांबोडकं पुडकं बघितलं, मला बघितलं. बारा वर्षं रोज सलाम करणारा माणूस, पण तो म्हणाला, “साहेब, जरा उघडून दाखवा.” उघडलं. “पडवळ आहे,” मी म्हटलं. तो दोन पावलं मागं सरला. “आमच्याकडं खात नाहीत, साहेब.”

गणपती आले. चतुर्थीच्या संध्याकाळी दारावरची बेल वाजली. समोरच्या वहिनी होत्या. महिन्याभरापूर्वी अर्ध्या दारातून बोलल्या होत्या, त्याच. हातात रिकामी पिशवी. “उद्या ऋषीपंचमी. मंडईत पडवळाला हात लावू देत नाहीयेत. तुमच्याकडं असेल ना थोडं?” त्यांच्यामागून कोपऱ्यावरच्या काकू. मग शेजारचे काका, आज काठीशिवाय. तासाभरात मांडव रिकामा झाला. पायरीजवळच्या अळवाची पानं गेली, माठ गेला, मावा झटकून भेंडीसुद्धा गेली. बायको दारात उभी राहून इतक्या तृप्त चेहऱ्यानं वाटत होती की मी वहीची आठवण काढली नाही.

आई सगळ्यांना नियम सांगत होती. “ऋषीच्या भाजीला नांगराचं, बैलाच्या कष्टाचं चालत नाही हो. हातानं खणून लावलेलं असेल तेवढंच घालायचं.”

मी तेव्हा वाकून शेवटचं पडवळ सोडवत होतो. तोंडात सुतळी, मानेवर मांडवाचा बांबू, पाय चिखलात घोट्यापर्यंत. बायकोनं माझ्याकडं एकदा नीट पाहिलं.

“मग आई, आपल्या बागेतलं कसं चालेल?”

आईनंही मला वरपासून खालपर्यंत पाहून घेतलं. थोडा विचार केला.

“चालेल,” ती म्हणाली. “नांगर कुठं जोडला होता?”