टाके निघाले म्हणजे कंडरा जुळली असं नव्हे

मी वाचलेल्या एका लेखात बोट मिटवणारी कंडरा, म्हणजे टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी), शिवून घेतलेल्या पेशंटचे अनुभव छान आलेत, पण ऑपरेशननंतरचं सगळं एका ओळीत उरकलंय. खरी गोम तिथेच आहे. कातडीचे टाके 12-14 दिवसांत निघतात. आतली कंडरा तेव्हा अजून कच्चीच असते. स्प्लिंट, म्हणजे हात-बोटं स्थिर ठेवणारी आधारपट्टी, काढून नुसती दुधाची पिशवी उचलली तरी ती तुटू शकते. उलट भीतीपोटी बोट हलवलंच नाही, तर कंडरा भोवतीच्या आवरणाला चिकटते आणि मूठ वळत नाही. म्हणून थेरपिस्टच्या देखरेखीखाली चौथ्या-पाचव्या दिवसापासून, स्प्लिंटमध्येच, दुसऱ्या हाताने बोट अलगद मिटवायचं. स्प्लिंट साधारण 6 आठवडे. जड वजन 12 आठवडे नाही. बादलीसुद्धा नाही.