‘पतंगच तर आहे, त्यात शिकायचं काय?’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

मोटर लावलेल्या, रिमोटवर उडणाऱ्या पतंगाबद्दल एक मेसेज सध्या ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. तो आमच्या भाच्यापर्यंत पोहोचला, त्याने शब्द न् शब्द खरा मानला आणि पहिल्याच फेकीत पतंगाच्या कण्याची कार्बनची नळी मोडून बसला. मजकूर थोडक्यात असा: ‘पतंगच आहे, विमान नाही, शिकावं लागत नाही. समतोल कापडाच्या बरोबर मध्यावर साधा, उरलेलं रिमोटच्या ट्रिमने (बारीक जुळवणीच्या बटणाने) जुळतं. नाक वर गेलं तर मोटरचा जोर वाढवा. वारा जितका जास्त तितकी मजा. कापडी वस्तू, कुणाला लागत नाही. बॅटरी कायम फुल चार्ज ठेवा.’ खाली अर्थातच ‘सर्वांना पाठवा’.

‘पतंगच आहे’ इथेच सगळा घोळ आहे. साध्या पतंगाला हवेत धरून ठेवतो तो दोरा. कन्नी कुठे बांधली यावर पतंग वाऱ्याला किती तिरका राहील ते ठरतं, आणि दोऱ्याचा ताण त्याला त्या कोनात धरून ठेवतो. दोरा तुटला की तोच पतंग गोते खात जातो. मोटरच्या पतंगाला दोराच नाही, म्हणजे तो जन्मतःच कटलेला. कन्नीचं काम मग दोन गोष्टींवर येतं: वजन नेमकं कुठे आहे, आणि मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या, म्हणजे एलेव्हॉन, किती वर आहेत. वेगळी शेपटी नसलेल्या त्रिकोणी पंखाला या पट्ट्या सरळ उडतानाही किंचित वर लागतात. सपाट ठेवल्या की नाक खाली.

आता तो ‘कापडाचा मध्य’. मला सगळ्यात जास्त चीड याचीच आली. त्रिकोणी पुठ्ठा बोटावर तोलून बघा. तो टोकापासून दोन तृतीयांश अंतरावर तोलला जातो. पण साध्या गणिताप्रमाणे त्रिकोणी पंखाची कमीजास्त होणारी उचल, म्हणजे त्याला वर उचलणारा हवेचा जोर, कण्याच्या साधारण निम्म्यावर एकवटलेली धरतात, आणि वजन त्याच्याही पुढे हवं. कणा 90 सेंटीमीटरचा असेल तर उचलीची जागा नाकापासून 45 सेंटीमीटरवर, आणि समतोल साधायचा तो 39 ते 42 च्या दरम्यान. (कापड फुगतं, कडा वाकतात, म्हणून हा आकडा फक्त सुरुवातीपुरता.) मेसेजप्रमाणे गेलात तर समतोल येतो 60 वर. ही काही दोऱ्याएवढी चूक नाही, जवळजवळ वीतभर आहे.

बरं, वजन मागे राहिलं तर होतं काय? हवेच्या झोताने नाक जरा वर गेलं की ते परत खाली यायच्या ऐवजी आणखी वर जातं. पतंग उभा राहतो, क्षणभर थबकतो आणि एका बाजूला कोसळतो. ट्रिमचं बटण पट्ट्यांना जरासं वर-खाली करतं, बस. वजन थोडं जास्त पुढे असेल तर ट्रिमने सांभाळून घेता येतं, कारण तो पतंग जड चालला तरी आपणहून सावरतो. मागे गेलेल्या वजनावर ट्रिमचा इलाज नाही.

आणि हे मी पदरचं सांगत नाही. ज्या पंखावरून आजचे हँग ग्लायडर, म्हणजे खाली माणूस लटकून उडतो ते मोठे पंख, आले तो मुळात पतंगच होता. फ्रान्सिस आणि गर्ट्रूड रोगॅलो या दांपत्याने 1948 मध्ये त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला, 1951 मध्ये ते मिळालं. 1962 मध्ये नासाने तशाच पंखाखाली माणूस बसवून ‘पॅरेसेव्ह’ नावाचं यान उडवलं. हँग ग्लायडर वळवताना पायलट करतो काय? दांडी धरून आपलं अंग पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे सरकवतो. म्हणजे वजन जरा सरकलं की आख्खा पंख ऐकतो. तेच वजन तुम्ही अंदाजाने कुठेही टाकणार आणि वर बटण दाबून जुळवणार?

जुळवायचं ते असं. वारा पडलेला असताना, उंच गवतावर, मोटर बंद ठेवून पतंग समोर सरळ, हलक्या हाताने सोडा. उतरत्या रेषेत सरळ गेला तर ठीक. नाक खुपसत असेल तर बॅटरी बोटभर मागे, वर चढून थबकत असेल तर पुढे. एका वेळी एकच बदल, नाहीतर कशाने काय झालं ते कळत नाही. मग मोटरवर उंची घ्या आणि ट्रिम लावा. उतरल्यावर पट्ट्या आहेत तिथेच राहतील असे त्यांच्या तारा जुळवून घ्या आणि बटण परत मध्यावर आणा.

‘नाक वर गेलं तर जोर वाढवा’ यात अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य करतो. मोटर कण्याच्या वर उंच बसवलेली असेल तर जोर दिल्यावर नाक खाली दबतं. लिहिणाऱ्याने तसाच एखादा पतंग पाहिला असेल. पण जोर काढला की त्याचं नाक उसळतं, त्याचं काय? औषध म्हणजे मोटरचा कोन बदलणं, तिच्या पायाखाली वॉशर घालून. हवेत असताना नाक वर गेलं तर रिमोटची स्टिक पुढे ढकला.

वाऱ्याचं गणित शाळकरी आहे. पतंगाचा हवेतला वेग ताशी 25 किलोमीटर आणि वारा 30 असेल तर नाक समोर ठेवूनही तो 5 च्या वेगाने मागे जाणार. उंचावर वारा सहसा जमिनीपेक्षा जास्तच असतो. शिकणाऱ्याने वारा पडलेली पहाट गाठावी. तेव्हा दुसरीही अडचण निवांत सोडवता येते: पतंग आपल्याकडे तोंड करून येताना डावं-उजवं उलटं वाटतं. जो पंख खाली झुकलेला दिसतो त्याच बाजूला स्टिक द्या, तो सरळ होतो.

‘कुणाला लागत नाही’? कापड लागत नसेल, मोटरवरचा फिरता पंखा बोट फाडतो. आधी रिमोट चालू, मगच बॅटरी जोडायची. उतरल्यावर आधी बॅटरी काढायची, मग रिमोट बंद. सिग्नल तुटला तर मोटर थांबेल अशी सोय रिसीव्हरवर (पतंगावरच्या, रिमोटचा सिग्नल घेणाऱ्या डबीवर) लावा, आणि पंखा काढून ती एकदा तपासा.

राहिली ‘कायम फुल चार्ज’. या पतंगांची लिथियम पॉलिमर बॅटरी दिवसेंदिवस फुल ठेवली की लवकर खराब होते. उडवायचं नसेल तर प्रत्येक सेल 3.8 व्होल्टच्या आसपास ठेवा, 4.2 वर नाही. फुगलेली तर चार्जला लावूच नका.