ऑफर लेटर शेवटच्या पानापासून वाचा

महापे एमआयडीसीत पेरोल बघतो, त्यामुळे नातेवाइकांत आणि सोसायटीत कुणालाही नवी ऑफर आली की माणूस आधी सिद्धिविनायकाला आणि मग माझ्याकडे येतो. या आठवड्यात खारेगावचा भाचा आला. ऐरोलीत बरी चाललेली नोकरी आहे, आणि आता बीकेसीतून (वांद्रे-कुर्ला कॉम्प्लेक्स) बोलावणं. ९ लाख ६० हजारांवरून थेट १३ लाख. "मामा, पस्तीस टक्के हाइक आहे!"

म्हटलं, टक्के राहू दे, पगाराची फोड दाखवणारं अॅनेक्शर काढ.

१३ लाखांत १ लाखाचा जॉइनिंग बोनस धरलेला. तो पहिल्या वर्षापुरताच, आणि वर्षाच्या आत सोडलं तर परत द्यायचा. १ लाख ८० हजार व्हेरिएबल, तेही कंपनीच्या कामगिरीवर, म्हणजे खात्यात पडतील तेव्हा आपले. कंपनीच्या वाट्याचा पीएफ, ग्रॅच्युइटी, मेडिक्लेमचा प्रीमियम, सगळं त्याच आकड्यात कोंबलेलं. उरला महिन्याला ८० हजार ग्रॉस. पीएफ आणि प्रोफेशनल टॅक्स जाऊन हातात ७८ हजार. नव्या रिजीममध्ये इतक्या पगाराला इन्कम टॅक्स लागत नाही, तेवढं बरं. आज त्याच्या हातात ७४ हजार ३०० येतात. म्हणजे दर महिन्याच्या हिशोबात पस्तीस टक्क्यांचे झाले ३,७०० रुपये! त्यातून ठाणे ते कुर्ला फास्ट लोकल आणि पुढे कुर्ला स्टेशनबाहेरची शेअर रिक्षाची रांग. जून-जुलैत त्या रांगेत उभे राहिलेल्यांना मी काय म्हणतोय ते कळेल. सध्या ऐरोलीहून पोरगं सातला घरी असतं.

एवढं ऐकून आमचे दाजी खूश. "हातची नोकरी सोडू नये, मी हेच सांगत होतो." इथे मात्र माझं त्यांच्याशी पटत नाही. दाजी स्वतः वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात होते. १९६२ला एमआयडीसी आली तेव्हापासूनची ती वसाहत, तिथे लागलेल्याला मुलगी द्यायला लोक तयार असायचे. कारखाना बंद पडला, दाजींची देणी कितीतरी वर्षं लटकली. पोखरण रोडला रेमंडची गिरणी होती, तिथे आज टॉवर आहेत. 'स्टेबल' नोकरी म्हणजे काय हे ठाणेकराला तरी कुणी शिकवू नये. भाचा चार वर्षं तेच एमआयएस रिपोर्ट (मॅनेजमेंटसाठी आकड्यांचे तक्ते) काढतोय. उद्या ते काम एखाद्या टूलने केलं तर ऐरोलीतली कंपनी त्याला जुना माणूस म्हणून सांभाळणार नाही. नव्या ठिकाणी त्याला क्लायंटसमोर बसायला मिळेल. माझ्या मते जायचं तर त्यासाठी जावं, ३,७०० रुपयांसाठी नाही.

पण जायचं कसं, यात खरी गोम आहे. नवी कंपनी म्हणते, तीस दिवसांत या, नोटीस बायआउट (उरलेल्या नोटिशीच्या दिवसांचे पैसे) आम्ही भरतो. पोरगं हुरळून गेलं होतं. ग्रॅच्युइटी पाच वर्षं भरल्यावर मिळते, आणि त्याची पाच वर्षं भरायला अडीच महिने बाकी आहेत. बेसिक ३८ हजारांच्या आसपास. १५ भागिले २६ गुणिले पाच वर्षं, म्हणजे ग्रॅच्युइटी १ लाख ९ हजारांच्या वर. बायआउट घेऊन लवकर सुटलं की ती धोक्यात. उलट नव्वद दिवसांची नोटीस पूर्ण भरली तर पाच वर्षं आपोआप होतात. (चार वर्षं २४० दिवस झाले तरी पाच वर्षं धरावीत, हा मुद्दा मला माहीत आहे, मद्रास हायकोर्टाने तो मानलाही आहे. पण आपल्या एचआरला तो पटवत बसण्यापेक्षा अडीच महिने थांबणं स्वस्त.)

आणि शेवटचं पान, जे कुणी उघडत नाही: मेडिक्लेम. जुन्या कंपनीत आईवडील कव्हर आहेत, नव्यात फक्त बायको-मुलं. ताईला शुगर आहे. बाहेर नवी पॉलिसी घेतली तर आधीपासूनच्या आजाराला तीन वर्षांपर्यंत वेटिंग पीरियड लागू शकतो. हे वाचल्यावर घरात पहिल्यांदा सगळे गप्प झाले. तोवर बीकेसी की ऐरोली, एवढंच चाललं होतं.

सध्याच्या ग्रुप पॉलिसीतून बाहेर पडताना त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जायची सोय असते, त्यात भरलेला वेटिंग पीरियड धरला जातो. पण ते शेवटच्या दिवसाआधी विचारावं लागतं. भाच्याने एचआरला तसा मेल टाकलाय.

नव्या कंपनीलाही काल रात्री कळवलं: नव्वद दिवसांनी जॉइन होतो, व्हेरिएबलमधले किमान ९० हजार फिक्स्डमध्ये घ्या, आणि आईवडिलांचं कव्हर आम्ही प्रीमियम भरतो पण ग्रुपमध्ये द्या. दाजी म्हणतात, एवढ्या अटी घातल्यावर ऑफर काढून घेतील. घेऊ देत. नव्वद दिवसांची नोटीस आपल्याकडे सर्रास असते. तेवढं थांबायला जे तयार नाहीत, ते अप्रेझलला काय देणार?

राजीनामा टाइप करून ठेवलाय. नवं, सुधारलेलं पत्र सही-शिक्क्यासह आल्याशिवाय सेंड दाबायचं नाही, एवढं मात्र मी त्याच्याकडून कबूल करून घेतलंय.