‘एका झटक्यात बंद करा’: त्या फॉरवर्डला उत्तर

द्राक्षांची छाटणी सुरू झाली, कंबरा धरल्या, की नाशिकच्या ग्रुपांवर तो फॉरवर्ड हजर. सारांश असा: दुखण्याच्या गोळ्या एका झटक्यात बंद करा, तीन दिवस हळद-दूध प्या, ‘हळूहळू कमी करा’ ही डॉक्टरांची दुकानदारी, आणि गोळी सोडण्यासाठी गटात बसणं हे गर्दुल्ल्यांचं काम.

आधी गोळ्या कोणत्या ते तरी सांगा. डायक्लोफिनॅक, पॅरासिटामॉल थांबवली तर फार तर दुखणं परत येतं. ट्रॅमाडॉल, टॅपेन्टाडॉलचं तसं नाही. त्या अफूसारखं काम करतात; महिनोन्‌महिने रोज घेतल्या की शरीर त्यांच्यावर विसंबतं. अचानक सोडल्या की जांभया, वाहतं नाक, अंगावर काटा, जुलाब, पायांत वळवळ, झोपेचं खोबरं. ट्रॅमाडॉल मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनावरही काम करते, म्हणून काहींना घबराट होते, अंगातून करंट गेल्यासारखं वाटतं. नसांच्या दुखण्यावरची प्रीगाबालिन वेगळ्या जातीची, पण तीही झटक्यात सोडली तर फिट येऊ शकते.

‘तीन दिवस’ कुठून आले? साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच त्रास शिगेला असतो. पुढे आठवडाभर तरी तो रेंगाळतो, झोप त्याहून उशिरा येते. हळद-दूध खुशाल प्या.

दुकानदारीचं म्हणाल तर दर महिन्याला कमी गोळ्या लिहून कुणाचं दुकान चालतं? सीडीसी या अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेच्या २०२२च्या सूचनांत वर्षाहून अधिक काळ अशी औषधं घेणाऱ्यांसाठी महिन्याला सुमारे १० टक्के डोस कमी करा, किंवा त्याहूनही सावकाश, असा वेग सुचवला आहे. मध्येच काही आठवडे थांबलं तरी चालतं.

आता गटाचं. अशा गोळ्या कमी करणारे आम्ही काही जण रविवारी सिडकोत एकाच्या गच्चीवर बसतो. मणक्याचं ऑपरेशन झालेले, अंबडच्या कंपनीत उभ्याने शिफ्ट करणारे, एक निवृत्त बाई. बहुतेकांनी चिठ्ठीवरच गोळी घेतली, कुणी चोरून नाही. डॉक्टर दहा मिनिटं देतात. रात्री दोनला पाय तडफडतात तेव्हा फोन उचलतो तो यातून गेलेलाच. “काका, हे गोळी कमी केल्याचं आहे, कंबर पुन्हा गेली नाही,” एवढं कुणी सांगितलं तरी माणूस पाकिटाकडे हात नेत नाही. अनुभवी माणसाचा हा उपयोग नवा नाही. पुण्याच्या मुक्तांगणात, १९८६पासून सुरू असलेल्या व्यसनमुक्ती केंद्रात, बरे झालेले रुग्ण समुपदेशक झाले आहेत.

पण गटाने डोस ठरवायचा नाही. ‘माझ्यासारखी अर्धी कर’ हा सल्ला आमच्याकडेही निघतो, आणि तिथल्या तिथे थांबवावा लागतो: हळूहळू विरघळणारी एसआर गोळी तोडली तर सगळं औषध एकदम अंगात उतरतं. उरलेलं पाकीट दुसऱ्याला देणंही बंद. ट्रॅमाडॉल २०१८पासून एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे.

फॉरवर्ड वाचून कुणी ट्रॅमाडॉलसारख्या गोळ्या आधीच बंद केल्या असतील, तर दुखणं उठलं म्हणून जुना डोस परत घेऊ नका. काही दिवसांतच शरीराची सहनशक्ती उतरते आणि तोच डोस श्वास मंदावू शकतो. सोबत दारू किंवा झोपेची गोळी असेल तर धोका आणखी. ज्यांनी लिहून दिली त्या डॉक्टरांना आजच फोन करा. फिट आली किंवा श्वास अडला तर १०८. मन फारच सैरभैर झालं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आहे, मराठीत बोलतात.