यादी दाखवता का?

आज दुपारी टीव्हीवर एक चित्रपट पाहिला आणि मन विटले. नायक पत्रकार कॅमेऱ्यात पाहून गर्जना करतो, लोकांना भीती घालणारा मंत्री घामाघूम होतो, रस्त्यावर टाळ्या पडतात. त्या पत्रकाराने कुणाला गाठले, काय तपासून पाहिले, याचा एकही प्रसंग नाही.

माझे बाबा फोंड्याचे वार्ताहर होते. एका प्रचारसभेत एका पुढाऱ्याने, गावात घुसलेल्या परक्यांची यादी आपल्या खिशात असल्याचे सांगितले आणि दुसऱ्या दिवसापासून आमच्या शेजारच्या भाड्याच्या खोल्यांतल्या माणसांना दुकानदार उधार देईनासा झाला. बाबा तीन दिवस त्या पुढाऱ्याच्या दारात जाऊन एकच विचारत राहिले, "यादी दाखवता का?" यादी नव्हतीच. तेवढेच त्यांनी लिहिले, भाताच्या शितांनी पाकीट चिकटवले आणि पहाटेच्या कदंब बसच्या कंडक्टरकडे पणजीसाठी दिले.

म्हणूनच दिग्दर्शक जॉर्ज क्लूनी यांचा २००५ सालचा 'गुड नाइट, अँड गुड लक' हा चित्रपट मला जवळचा वाटतो. सिनेटर मॅकार्थी यांनीही १९५० साली, सरकारी खात्यातल्या कम्युनिस्टांची यादी हातात असल्याचे सांगूनच अमेरिकेला घाबरवले होते. या चित्रपटाचे नायक, टीव्ही पत्रकार एडवर्ड मरो यांनी ९ मार्च १९५४ च्या आपल्या कार्यक्रमात मुख्यतः मॅकार्थींचीच भाषणे दाखवून ती तपासली. क्लूनींनीही मॅकार्थींच्या भूमिकेसाठी नट न घेता मूळ चित्रफिती वापरल्या. मरोंच्या आधी अनेक वृत्तपत्रांनी मॅकार्थींवर टीका केली होती आणि चित्रपटात ते फारसे येत नाही, हे मान्य. तपासणीवर तिकिटे खपत नाहीत, हेही मान्य.

पण म्हणून खोटे धाडस विकायचे? संताप येतो तो याचा, कारण असले चित्रपट पाहून वाढलेली मुले आरडाओरड करणाऱ्या निवेदकालाच निर्भीड समजतात आणि दारोदार विचारत फिरणारा वार्ताहर त्यांना भित्रा वाटतो.

क्लूनींच्या चित्रपटात शेवटी मरोंच्या कार्यक्रमाची नेहमीची वेळ काढून घेतली जाते. ते दृश्य आले की मला आमचा ओटा आठवतो. बाबांची बातमी आतल्या पानावर चार ओळींत छापून आली होती आणि तिच्यात पुढाऱ्याचे नावच नव्हते. बाबांनी ती दोनदा वाचली, आईकडून कात्री मागितली आणि त्या चार ओळी सरळ कापून वहीत चिकटवल्या, तेही भाताच्याच शितांनी.