मोझार्टने फ्लूट क्वार्टेट ‘खरडली’? मग पत्र पूर्ण वाचा

‘संगीतकार मोझार्टला फ्लूटचा तिटकारा होता, फ्लूट क्वार्टेट त्याने पैशांसाठी खरडली, त्यांत तारवाद्यांना काही काम नाही, आणि त्या काळची फ्लूट बेसूरच होती.’ फ्लूट क्वार्टेट म्हणजे फ्लूट, व्हायोलिन, व्हिओला आणि चेलो अशा चार वाद्यांची रचना. हा मजकूर फिरत फिरत मोझार्टच्या डी मेजर (म्हणजे डी हा मुख्य सूर असलेल्या) क्वार्टेटचा सराव करणाऱ्या माझ्या भाचीपर्यंत पोचला. ‘मग हे कशाला वाजवायचं?’ असं ती विचारते आहे, म्हणून उत्तर देणं भाग आहे.

तिटकाऱ्याचा सगळा डोलारा एका वाक्यावर उभा आहे. १४ फेब्रुवारी १७७८ ला मोझार्टने जर्मनीतल्या मानहाइमहून वडिलांना लिहिलं, की जे वाद्य सोसवत नाही त्याच्यासाठी लिहायचं म्हटलं की हात चालत नाही. पण हे कधी लिहिलं? हौशी फ्लूटवादक डॉक्टर देजां यांनी तीन कॉन्चेर्टो (एक वाद्य आणि वाद्यवृंद यांच्यासाठीच्या रचना) आणि काही क्वार्टेट मागितली होती, मोबदला २०० गुल्डेन (तेव्हाचं नाणं). काम अपुरं राहिलं, हाती ९६ पडले, आणि वडिलांना जाब द्यायचा होता. त्याच पत्रात, त्या वाक्याच्या अगदी आधी, तो म्हणतो की दिवसभर खरडता येईल, पण ते माझ्या नावाने जगात जाणार, मला त्याची लाज वाटायला नको. हे वाक्य गाळून ‘खरडली’ म्हणणं ही सरळ दिशाभूल आहे. शिवाय डी मेजर क्वार्टेटवर तारीख आहे २५ डिसेंबर १७७७, म्हणजे पत्राच्या सात आठवडे आधीची. पुढे व्हिएन्नात, १७८६-८७ च्या सुमारास, त्याने ए मेजरमध्ये आणखी एक लिहिलं, तेव्हा देजांची मागणी नव्हती.

तारवाद्यांना काम नाही? पहिल्या भागात फ्लूट पुढे असते, हे कबूल. पण बी मायनरमधला अदाजिओ, म्हणजे मधला संथ भाग, वाजवून पाहा. व्हायोलिन, व्हिओला, चेलो तिघंही गज न लावता नुसत्या तारा छेडतात. छेडलेला सूर लगेच विरतो, फ्लूटच्या लांब श्वासाखाली टेकू उरत नाही. तिघांपैकी एकाने जरी घाई केली तरी फ्लूटवाल्याला श्वास घ्यायला जागा राहत नाही. चेलोने जोरात छेडलं तर फ्लूटचे खालचे सूर बुडतात. आणि हा भाग पुरता संपतही नाही, अधांतरी थांबून थेट रोंडोत, म्हणजे शेवटच्या वेगवान भागात, शिरतो, तेव्हा गज तयारच हवा.

बेसूरपणाचं अर्धंच खरं. लाकडी फ्लूटला एकच चावी असे. एफ नॅचरलसारखे, डी मेजरमध्ये न येणारे सूर मधलं भोक उघडं ठेवून खालची झाकून काढावे लागत आणि ते दबके येत. पण डी मेजर हे त्या वाद्याचं घर, आणि मोझार्टने तेच निवडलं. आजची धातूची फ्लूटही जोरात फुंकली की चढते, हलकी फुंकली की उतरते, थंड असली तर खालीच राहते. म्हणून आधी फुंकून गरम करा, मगच तारा तिच्याशी मिळवा.