साऊंडवेव्ह आणि नानाचे पुठ्ठे

"अजून विकला नाहीस?" नानानं विचारलं. मंग्यानं सॅकमधून साऊंडवेव्ह काढून चहाच्या ग्लासांशेजारी उभा केला होता. ट्रान्सफॉर्मर्समधला, म्हणजे घडी बदलून दुसरीच वस्तू होणारा खेळण्यातला रोबो. निळा, सात इंची, २०१९ च्या सीज मालिकेतला.

"नाही, आणि विकणारही नाही."

"दिवाळीत तर डोकं खाल्लंस आमचं. टेपरेकॉर्डर होत नाही, टेपरेकॉर्डर होत नाही!"

तक्रार रास्तच होती. १९८४ चा साऊंडवेव्ह म्हणजे मायक्रोकॅसेट रेकॉर्डर, ताकारा या जपानी कंपनीच्या मायक्रो चेंज खेळण्यांमधून अमेरिकेच्या हॅस्ब्रोनं घेतलेला. बटण दाबलं की छातीचं दार उघडायचं, आत कॅसेट, त्या कॅसेटचा पक्षी. शस्त्रंसुद्धा सेलच्या आकाराची होऊन पाठीच्या कप्प्यात बसायची. आणि सीजमधला? हातपाय दुमडून आडवा केला की म्हणे अंतराळयान. उभाच ठेवला तर दिव्याचा खांब. गोष्ट सायबरट्रॉनवरची, म्हणजे या रोबोंच्या ग्रहावरची, पृथ्वीवर येण्याआधीची, तिथे टेपरेकॉर्डर कुठून येणार, हे मंग्याला ठाऊक होतं. तरी पचत नव्हतं.

"मग आता काय झालं?" मास्तरांनी विचारलं.

"डब्याबाहेर ठेवला, टेबलावर. ऑफिसचा कॉल चालू असला की हात आपोआप त्याच्याकडे जातो. कंबर फिरते, घोटा बाजूला झुकतो. बघा, या उतरत्या कट्ट्यावर पण तळवा पूर्ण टेकलाय."

"आणि हे पांढरे डाग? नवा घेतला तो खरचटलेला!"

"चंदेरी आहेत. युद्धातून आलाय तो. तुझी स्कूटर कुठल्या युद्धातून आली?"

नाना हटला नाही. "पक्षी तरी आहे का आत? तोही वेगळा विकत घ्यायचा. बिनकॅसेटचा टेप गळ्यात मारला तुझ्या."

"चौऱ्याऐंशीतही लेझरबीक पक्षी वेगळाच घ्यावा लागायचा, नाना. डब्यात बझसॉ हा दुसरा पक्षी यायचा. आणि शस्त्रं कुठलीही लाव, पाच मिलिमीटरचं भोक सगळ्यांना एकच. माझ्या दुसऱ्या रोबोची बंदूक याच्या खांद्यावर बसते."

नानाचं खरं दुखणं वेगळं. त्याच्या कपाटात डझनभर खोके आहेत, एकाचंही सील तुटलेलं नाही. कोणता कितीला जाईल हे तो झोपेतही सांगेल. "उघडलास तिथेच किंमत गेली," तो बोट नाचवत म्हणाला.

"तुझ्याकडे रोबो नाहीत, नाना. पुठ्ठे आहेत."

मास्तर चहा फुंकत हसले. मी मंग्याच्या बाजूनं आहे आणि ते लपवायचं कारण नाही. ज्या वस्तूचा सगळा जीव सांध्यांत आहे, ती फोटोवरून आणि खोक्याच्या खिडकीतून जोखायची, हा अन्याय आहे. यान मला आजही आवडत नाही, रोबो आडवा झोपल्यासारखं दिसतं. पण परत उभा करताना छातीचं दार, त्यावरची बटणं, तो चौकोनी जबडा जागेवर येतो, तेव्हा जुना साऊंडवेव्ह नेमका समोर असतो. हे पहिल्या दिवशी कळत नाही. चार वेळा घडी करून उलगडावा लागतो, मग बोटांना कळतं कुठे जोर द्यायचा आणि कुठे नाही.

"ते जाऊ दे," नाना म्हणाला, "टेपरेकॉर्डरवरून आठवलं. माझा फिलिप्सचा कुठाय? कॉलेजच्या गॅदरिंगला नेला होतास."

मंग्या साऊंडवेव्हचा हात नीट करू लागला.

"पंचवीस वर्षं झाली, मंग्या!"

"घरी आहे. माळ्यावर."

"चालतो?"

"दार उघडत नाही."

मास्तरांना ठसका लागला. "मग सील फुटलेलं नाही, नाना! किंमत वाढली असेल!"

त्यावर नाना असा काही चिडला की टपरीवाल्यानं न सांगता आणखी तीन कटिंग आणून ठेवले, आणि ते कोणाच्या खात्यावर यावरून पुढचा अर्धा तास गेला.